माझ्या आजीने कधीच न म्हटलेलं गाणं

माझा आवाज एके काळी असा होता की सदरमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर मी वरची पट्टी लावली की फुटाळा तलावाच्या काठावर निखाऱ्याशिवाय कणसं भाजली जात. हे खोटं आहे, मला ठाऊक आहे. पण मी ते इतक्या वेळा सांगितलं की तिथला एक कणीसवाला आता स्वतःच साक्ष देतो. आमचा चौघांचा रॉक बँड होता. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा डांबरसुद्धा सावली शोधतं, तेव्हा मी काळं चामड्याचं जॅकेट घालून गायचो. गायचो म्हणजे ओरडायचो. शब्द लोकांना कळत नसत आणि मला आठवत नसत, त्यामुळे दोन्हीकडून तक्रार नव्हती.

मग एका कार्यक्रमात, ऐन कडव्याच्या मध्यात, आवाज गेला. मान ताठ, शिरा फुगलेल्या, तोंड पाण्याच्या टाकीएवढं उघडं, आणि आतून निघालं काय, तर टायरमधली हवा सुटावी तसं फुस्स. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि तीन महिने गप्प बसायला सांगितलं. आईने त्याच दिवशी देवाला नारळ फोडला. तीन महिन्यांनी तोंड उघडलं तेव्हा आवाज परत आला होता, पण अर्धा. खालचा मजला शाबूत, वरचा कोसळलेला. तेवढ्यात बँडने दुसरा गायक घेतला होता. तो माझ्यापेक्षा सुरात गायचा. हे वाक्य लिहायला मला कित्येक वर्षं लागली.

आता लोक विचारतात, रॉक सोडून एकट्याने गिटारवर लोकगीतं गायला कसे वळलात? मी डोळे अर्धे मिटून सांगतो, मातीने हाक मारली. मातीने काही हाकबिक मारली नाही. हळू आवाजात गाता येईल असं काहीतरी हवं होतं, एवढंच. शिवाय दुसऱ्याचं गाणं गायचं तर त्याला विचारावं लागतं, लोकगीताला कोणाला विचारायचं, असा माझा समज होता. पुढची सगळी फजिती त्या समजाची.

जुलै होता. मोटारसायकल काढून रामटेकच्या बाजूला गेलो, तर रस्त्याच्या कडेला धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली. चिखल भरलेल्या शेताच्या तुकड्याला तिकडे बांधी म्हणतात. त्या बांधीत दहा-बारा बाया कमरेत वाकून रोपं लावत मागे मागे सरकत होत्या आणि गात होत्या. एक जण ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या. टाकणारी साठीतली, ठेंगणी, काटक. मी एवढी वर्षं मोठमोठ्या स्पीकरांना वीज पाजून जे करू शकलो नाही, ते ही बाई वाकलेल्या अवस्थेत, पोटावर दाब असताना, श्वास न तोडता करत होती. यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून ओरडलो, म्हणजे जेवढं ओरडता येत होतं तेवढं. "मावशी, मोबाईलवर रेकॉर्ड करू का?"

"कायले?"

"शिकायले."

"काय शिकतं बाबू, रोवणं का गाणं?"

"गाणं."

"तरीच बूट नाही काढले!" बांधीभर हशा पिकला.

चार दिवस गेलो. ओळ टाकणाऱ्या त्या बाई मला मावशी म्हणू देत, दुपारी आपल्या डब्यातला घास देत. मी त्यांना जॅकेटाच्या गोष्टी सांगून हसवलं. चौथ्या दिवशी पाऊस थांबला, मुकादम कुठेतरी गेला, आणि मावशींनी एक वेगळंच गाणं काढलं.

आंब्याच्या सावलीले, माझ्या भावाचं वं घर
शिळ्या भातावर वाढली, वहिनीनं नुसती नजर

निळ्या वं दाराआड, खडा चमके नाकाचा
पाहुण्याले गरम भात, मले घास रातीचा

प्रत्येक ओळीला बाकीच्या बाया "हव वं माय" म्हणत होत्या, आणि त्यात गंमत नव्हती. प्रत्येकीची एक वहिनी त्या चिखलात उभी होती. गाणं संपल्यावर मावशींना माझ्या हातातला मोबाईल दिसला.

"हे बांधीतलं आहे बाबू. बांधीतच राहू दे बरं."

"हो मावशी."

मी कशालाही हो म्हणतो. बँडमध्ये असताना एकाच संध्याकाळच्या तीन लग्नांना मी हो म्हटलं होतं, आणि त्यातलं एक माझंच ठरत होतं.

सप्टेंबरात सदरमधल्या एका छोट्या सभागृहात माझा पहिला एकट्याचा कार्यक्रम झाला. चार गाणी झाली, लोक जांभया देऊ लागले. समोर बसलेल्या एका गृहस्थाने घड्याळ पाहिलं. गायकाला मारायचं असेल तर बंदूक लागत नाही, घड्याळ पुरतं. मी मावशींचं गाणं सुरू केलं. पण त्याआधी दोन शब्द बोलावे लागतात ना, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून टिपलेलं आहे, हे सांगायला जीभ रेटेना. म्हणून म्हणालो, "हे गाणं माझी आजी रोवणी करताना म्हणायची."

सभागृह एकदम शांत झालं. चोरीला वारसा म्हटलं की लोक पाय जवळ घेऊन बसतात. शेवटी टाळ्या पडल्या त्या अशा, की मला माझं जुनं जॅकेट आठवलं.

दुसऱ्या कार्यक्रमात आजी सातव्या महिन्यातही रोवणी करू लागली. तिसऱ्यात माझे वडील धुऱ्यावरच जन्मले. ते पहिल्या रांगेत बसले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, सरकारी दवाखान्यात जन्मलेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि घालायचं विसरले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तुझी आजी प्रताप नगरात राहायची रे. चिखल दिसला की रिक्षा करायची."

"कार्यक्रमात थोडं वाढवून सांगावं लागतं."

"वाढव ना. पण आधी असू तर दे काहीतरी." ती आत निघून गेली. सासूशी तिचं आयुष्यभर पटलं नव्हतं, पण त्या दिवशी ती सासूच्या बाजूने उभी होती.

अजून एक गोष्ट मी केली, आणि ती खोट्यापेक्षाही वाईट होती. त्या गाण्याला शेवटी आणखी एक कडवं होतं. भावाचं भलं चिंतणारं, साधंसुधं. मला ते मिळमिळीत वाटलं. रॉकवाल्याची खोड, आग लागली की गाणं तिथेच सोडायचं, लोकांना जळत ठेवायचं. मी ते कडवं कापून टाकलं. कोणीतरी त्याचं चित्रीकरण केलं आणि 'आजीचं गाणं' म्हणून ते दसऱ्यापर्यंत घराघरांतल्या मोबाईलवर फिरू लागलं. मी हुरळलो. चंद्रावरच्या लोकांनाही ते पोचलं असावं, असं मी दोन-तीन ठिकाणी सांगितलंसुद्धा.

दिवाळी झाल्यावर संत्रा बर्फीचा डबा घेऊन मी मावशींना आनंदाची बातमी द्यायला गेलो. धानाची कापणी सुरू होती. मावशी विळ्याने सपसप कापत होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मावशी, तुमचं गाणं सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं!"

"हव. माह्या भावानंबी ऐकलं."

विळा चालूच. शेजारची बाई म्हणाली, "भाऊबीजेले नाही आला तो. दरसाली सोता न्यायले येते. औंदा ताट करून बसली हे, संध्याकाळलोक. दिवा विझला तं उठली."

मी म्हणालो, "पण मावशी, मी तुमचं नाव कुठे घेतलं?"

तेव्हा त्या सरळ उभ्या राहिल्या. वाकलेल्या बाईला मी पहिल्यांदाच पूर्ण उंचीत पाहत होतो. "नाव घ्याव लागते काय? दारात आंबा, निळं दार, नाकात खडा. गावात अशी किती घरं आहेत? आवाज तुहा असन, पण बोलणं माह्यं आहे. भावाले बहिणीचं बोलणं ओळखू नाही येत?"

मला लोक बडबड्या म्हणतात, त्यांनी त्या वेळी यायला हवं होतं.

"अन् शेवटचं कुठं टाकलं?"

"ते... लांबत होतं."

"गाऱ्हाणं केलं की शेवटी भावाचं चांगलं मागाव लागते. त्याबगर आम्ही बांधीतून पाय नाही काढत. तू तं मले चिखलात उभी ठेवून निघून गेला बाबू."

बर्फीचा डबा माझ्या हातात होता. तो कुठे ठेवावा हे कळेना. मी घाईघाईने म्हणालो की मी आजच सगळ्यांना खरं सांगतो, गाणं तुमचं आहे, आजी खोटी आहे, तुमचा फोटो लावून जाहीर माफी मागतो. बोलता बोलता मला ती माफी दिसूसुद्धा लागली. मागे गिटार, डोळ्यांत पाणी, खाली हजारो लोकांच्या शाबासक्या. इतका निर्लज्ज होतो मी, त्या क्षणीसुद्धा.

"अजून एक डाव गावभर करतं का मले?" मावशी म्हणाल्या. "तू म्हणतं ना आजीचं आहे? मंग आजीचंच राहू दे. जाय माह्या भावाच्या घरी अन् त्याले सांग."

"त्यांच्यासमोर खोटं बोलू?"

"एवढ्या लोकाईसमोर बोलला. एका माणसासमोर लाज वाटते काय?"

वाटत होती. खूप वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींच्या भावाच्या गावी गेलो. पत्ता विचारावाच लागला नाही, माझ्याच गाण्याने मला बिनचूक दारात नेऊन उभं केलं. आंबा, निळं दार. मावशींचे भाऊ अंगणात पोतं शिवत बसले होते. मावशींसारखेच ठेंगणे, काटक. मी सांगितलं, मी तो गाणारा, गाणं माझ्या आजीचं आहे, उगाच कोणाचा गैरसमज नको म्हणून आलो. त्यांनी बाज दाखवली, बसलो. दाराआड एक बाई येऊन उभी राहिली. नाकातला खडा चमकला. मी मान खाली घातली.

"कुठली गा तुमची आजी?"

"भंडाऱ्याकडची."

"कोणता धान लावत?"

"बासमती."

त्यांनी सुई थांबवली. "भंडाऱ्यात बासमती."

"थोडाच."

"अन् तिच्या भावाचंबी दार निळंच होतं. त्या जमान्यात निळा रंग कुठून आणला?"

"चुना. नीळ टाकलेला चुना."

"दाराले चुना?"

मी, ज्याने फुटाळ्यावर बिननिखाऱ्याची कणसं भाजून विकली, तो मी एका पोतं शिवणाऱ्या माणसासमोर अडखळत होतो. थापा मारायला समोरचा माणूस हसणारा लागतो. हे हसत नव्हते. ते दुखावलेले होते, आणि बहिणीकडून दुखावलेले होते, आणि त्यात मी मधे येऊन बासमती पेरत होतो.

दाराआडून आवाज आला. "म्हणून दाखवा."

"काय?"

"आजीचं गाणं. मोबाईलात ऐकलं. समोर नाही ऐकलं."

नाही म्हटलं असतं तर सगळं कबूल केल्यासारखं झालं असतं. पाठीवर गिटार होतं, ते काढायची हिंमत झाली नाही. तसाच बसून, खाली शेणानं सारवलेल्या जमिनीकडे पाहत, मी त्या बाईच्या दारात त्या बाईचं गाऱ्हाणं गायलो. शिळा भात. नजर. नाकाचा खडा. ज्या ओळींवर सदरमध्ये टाळ्या पडायच्या त्या ओळी तिथे तोंडातून निघताना दातांना लागत होत्या. मी नेहमी थांबतो तिथे आलो. भाऊ उठायला लागले. मग मी पुढचं म्हटलं.

आंबा वं मोहरू दे, माझ्या भावाच्या दारात
वहिनीच्या कुंकवाचा, उजेड राहो घरात

भाऊ अर्धे उठलेले तसेच राहिले.

वहिनी दाराबाहेर आल्या. "हे तं मोबाईलात नव्हतं."

"मीच गाळलं होतं."

"काहून?"

"मले समजलं नव्हतं," मी म्हणालो. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा नकळत तिकडे वळली होती, की लाजेने तोंड लपवायला जागा शोधत होती, कोण जाणे.

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. "तुमच्या आजीच्या वहिनीचं सांगू का मी? तिचं लेकरू त्या दिवशी तापानं फणफणलं असन. दोन दिवस चूल धड पेटली नसन. नणंद न सांगता आली असन. घरात होतं ते वाढलं. नणंद तोंडावर नाही बोलली. बांधीत जाऊन बोलली, दहा बायाईत. असं झालं असन."

"चूप राय वं," भाऊ म्हणाले.

"तुमचं कुठं काय म्हणून राहिली? याच्या आजीच्या वहिनीचं सांगून राहिली." मग माझ्याकडे वळून, "बसा. भात टाकते. गरम खाऊन जा, नाही तं तुमची आजी अजून एक गाणं करन."

मी जेवलो. गरम भात, वरण, वर तुपाची धार. मी आयुष्यात पुष्कळ फुकटचं जेवलो आहे, बँडवाला दुसरं काय करतो, पण तो भात गिळताना जितका त्रास झाला तितका त्या तीन महिन्यांत सुजलेल्या घशातूनही झाला नव्हता.

भाऊ रस्त्यापर्यंत आले. मोटारसायकलच्या हँडलवर हात ठेवून विचारलं, "मंग तुमच्या आजीले तिचा भाऊ न्यायले आला का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. शेवटच्या कडव्यानंतर मी बोललेलं हे तिसरं खरं वाक्य.

"हं," ते म्हणाले, आणि परत फिरले.

परतताना मावशींकडे गेलो. त्यांनी विचारलं, "मानलं का त्यानं?"

"नाही."

"मंग?"

"शेवटचं कडवं म्हटलं. वहिनींनी जेवू घातलं. गरम भात."

"तुले," मावशी म्हणाल्या.

तापलेल्या लेकराचं मी त्यांना सांगितलं नाही. वाटलं, ते त्या अंगणातलं होतं, अंगणातच राहू द्यावं. एकदा उचलून नेण्याचा धडा पुरे झाला. पण आता कधी कधी वाटतं, आयुष्यात एकदाच कुणाचं बोलणं उचलून दुसरीकडे पोचवायला हवं होतं, आणि नेमका तेव्हाच मी शहाणा झालो. मावशींना कदाचित ते माहीत असेलही. बायांना माहीत असतं. पण मी धड विचारलंही नाही.

तेव्हापासून मी अडकलो आहे. कार्यक्रमात लोक ते गाणं मागतातच. मी खरं सांगू शकत नाही, जुनं नाकारू शकत नाही. कारण भावाच्या गावातही कोणीतरी ऐकत असणार. म्हणून मी दर वेळी म्हणतो, माझी आजी रोवणी करताना म्हणायची. फक्त आता सातवा महिना नाही, धुऱ्यावरचा जन्म नाही. एक सपाट वाक्य. आणि शेवटचं कडवं पूर्ण गातो. आई येते तेव्हा त्या वाक्याच्या वेळी पर्समध्ये काहीतरी शोधते.

पुढच्या जुलैत मी पुन्हा रामटेककडे गेलो. मोबाईल घरी ठेवून, बूट धुऱ्यावर काढून, सरळ चिखलात उतरलो. रोवणी म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दहा मिनिटांत कंबर माझी राहिली नाही. माझी ओळ अशी गेली की वरून पाहणाऱ्या विमानाची वाट चुकावी. माझ्या बाजूची बाई माझी रोपं उपटून पुन्हा लावत होती आणि मोठ्याने सांगत होती, "याले रोजी देऊ नोका वं, याच्यापासून रोजी घ्या!"

मावशी माझ्या शेजारी वाकून होत्या. मी हळूच विचारलं, भाऊ आले का मग.

"संक्रातीले आला होता."

"मग?"

"चहा घेतला." हातातली रोपांची जुडी त्यांनी सोडली, एकेक काडी चिखलात रोवली. "चप्पल नाही काढली."

एवढंच. पुढे त्यांनी एक दुसरंच गाणं टाकलं, नदीचं, कोणाचंच नसलेलं. मग आणखी एक. मग एका तरुण बाईने, नवीन असावी, सहज त्या भावाच्या गाण्याची चाल धरली. पहिला शब्द निघाला आणि पलीकडच्या बाईने तिला कोपर मारलं.

"थांब वं. ते याच्या आजीचं आहे."

बांधीभर हशा पिकला. मावशीही हसल्या. मी जितका वाकता येईल तितका वाकलो.